छोट्या लॅपटॉपची वाटणी: सी किती, डी किती?



आज बोलायचं आहे लॅपटॉपबद्दल. सोयाबीन नाही, शेळी नाही, हळदही नाही. आपल्या भोकर भागात आता कुठे ग्रामसंघाकडे, कुठे गटाच्या सचिवाच्या घरी लॅपटॉप दिसू लागलाय. कुणाच्या लेकीचं कॉलेज संपलं म्हणून तिनं आईला दिलेला, कुणी वर्गणी काढून जुना घेतलेला. बहुतेक लहान आणि स्वस्तातले. आणि दुकानात घ्यायला किंवा दुरुस्तीला गेलं की दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो, "ताई, पार्टिशन किती करू?" आपण म्हणतो, "करा तुमच्या मनानं." साडी घेताना आपण कधी म्हणतो का असं? वीस साड्या उलगडायला लावतो. मग ज्याच्यात दहा-बारा बायांच्या पैशाचा हिशेब राहणार, त्याची वाटणी दुकानदाराच्या मनावर का सोडायची?

आधी पार्टिशन म्हणजे काय ते बघू. लॅपटॉपच्या पोटात सगळं साठवून ठेवणारी एक वस्तू असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. नव्या लॅपटॉपमध्ये तिच्या जागी एसएसडी असते, काम तेच. वस्तू एकच, पण तिच्यात बांध घालून दोन-तीन तुकडे करता येतात. त्या तुकड्यांना पार्टिशन म्हणायचं. स्क्रीनवर ते सी, डी असे दिसतात. ए आणि बी कुठे गेले, असं एका ताईंनी मला विचारलं होतं. प्रश्न अगदी बरोबर आहे. पूर्वी संगणकाला फ्लॉपी नावाच्या पातळ चकत्या लागायच्या, त्यांच्यासाठी ए आणि बी ही अक्षरं राखून ठेवलेली होती. १९८३ साली आयबीएम कंपनीनं हार्ड डिस्क घातलेला संगणक काढला, तिला मिळालं सी. ती डिस्क होती १० एमबीची. आज तुमच्या मोबाईलचे दोन फोटो तिच्यात बसतील, तिसरा बसणार नाही. फ्लॉपी गेली, पण अक्षर तेच राहिलं.

आता तुमच्या लॅपटॉपचं बघा. डब्यावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि आत बघितलं तर ११९ दिसतात. बऱ्याच जणींना वाटतं, दुकानदारानं फसवलं. तसं नाही. बनवणारी कंपनी हजारच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबानं. माल तेवढाच आहे, फक्त माप वेगळं. २५६ असेल तर २३८ दिसतील, ५०० असेल तर ४६५. त्यातूनही जेमतेम एखादा जीबी विंडोज स्वतःच्या चालू होण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी लपवून ठेवतं. तेव्हा १२८ च्या लॅपटॉपमध्ये वाटणीला येतात साधारण ११८ जीबी. पुढचं सगळं बोलणं या ११८ चं.

सी मध्ये काय राहतं? लॅपटॉप चालवणारं विंडोज राहतं. विंडोज ११ एकटंच पंचवीस-तीस जीबी खातं. बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनीच सांगते की निदान ६४ जीबीची डिस्क हवी. त्यावर वर्ड-एक्सेल आलं, त्याला आणखी चार-पाच. ब्राउझर, छपाईच्या मशीनचा प्रोग्राम, मराठी टायपिंग, फॉन्ट. लॅपटॉपचं झाकण लावल्यावर चालू काम आठवणीत राहावं म्हणून विंडोज एक मोठी फाईल आखून ठेवतं, तीही सी मध्येच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अपडेट. विंडोजची नवी आवृत्ती आली की काही दिवस जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या सी मध्ये नांदतात. त्या वेळी मोकळी जागा नसेल तर अपडेट अर्ध्यात अडकतं. म्हणजे आज दुकानात सी मध्ये ३५ जीबी भरलेलं दिसलं म्हणून ४५ जीबी पुरेल असं धरू नका. वर्षभरात तेच ५० वर जातं, आणि वर वीस-पंचवीस मोकळे लागतात. पोळी तव्यावर फुगायलाही जागा लागते, तसंच हे.

आता आपलं सामान तोलू. इथे गंमत आहे. गटाची हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, व्याज, हे सगळं एक्सेलमध्ये भरलं तर वर्षाची फाईल शंभर-दोनशे केबीची होते. मोबाईलवर काढलेला एक फोटो असतो चार एमबीच्या आसपास. म्हणजे एका फोटोच्या जागेत गटाच्या वीस वर्षांच्या वह्या बसतात! बँकेला द्यायला स्कॅन केलेले कागद थोडे जड, पण तेही फार नाहीत. जागा खातात ते फोटो, आणि त्याहून जास्त व्हिडिओ. मोबाईलचा एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढे जातो. दहा मिनिटांचा म्हणजे एक जीबी गेला. प्रदर्शनातल्या आपल्या स्टॉलचे, पापड-मसाल्याचे, सभेचे व्हिडिओ साठवायचे असतील तर हा हिशेब डोक्यात ठेवा. ३८ जीबी जागेत चार एमबीचे नऊ हजारांवर फोटो मावतात. गटाला हे भरपूर झालं.

म्हणून माझं मत सरळ आहे. १२८ च्या लॅपटॉपमध्ये सी ला ८० आणि डी ला ३८. दोनच तुकडे, तिसरा नको. जितके बांध जास्त तितकी जमीन बांधाखाली जाते. इकडे दहा जीबी मोकळे, तिकडे आठ मोकळे, आणि कामाची फाईल कुठेच मावत नाही.

पुष्कळ ठिकाणी निम्मं-निम्मं करून देतात. ५९ सी, ५९ डी. दिसायला फार न्याय्य वाटतं. शेताच्या वाटणीत लेकीला लेकाइतकाच वाटा हवा, हे मी कुठेही ठासून सांगेन. पण इथे सारखा वाटा चालत नाही. विंडोजचं पोट मोठं आहे आणि ते वाढत जातं, आपला हिशेब लहान आहे आणि लहानच राहतो. शिवाय सारखे तुकडे करण्यात एक धोका आहे, तो थोड्या वेळानं सांगते.

आता मुळात वाटणी करायचीच कशाला? एकच मोठा सी ठेवला तर काय बिघडतं? रोजच्या वापरात काही बिघडत नाही. बिघडतं ते लॅपटॉप आजारी पडल्यावर. व्हायरस आला, अपडेट अडकलं, चालूच होईना, की दुकानदार शेवटचा उपाय म्हणून फॉरमॅट मारतो. म्हणजे तो तुकडा पुसून विंडोज नव्यानं घालतो. जो तुकडा पुसला त्यातलं सगळं जातं. दुसऱ्या तुकड्याला हात लागत नाही. आपल्या आज्या खायचा जोंधळा कणगीत ठेवायच्या आणि बियाण्याचा वेगळ्या मडक्यात, राख घालून, उतरंडीच्या खाली. कणगी झाडून रिकामी झाली तरी मडक्याला कुणी हात लावायचं नाही. डी हे ते मडकं. कुठला तुकडा पुसला गेला तरी चालेल आणि कुठला कधीच पुसायचा नाही, हे ठरवणं म्हणजे पार्टिशन. आकडे त्यानंतर येतात.

पण मडकं वेगळं केलं आणि बियाणं कणगीतच राहिलं तर? हे घडतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गटाचं सांगते, गावाचं आणि दुकानाचं नाव घेत नाही. त्यांच्या लॅपटॉपला सी दिला होता ४० आणि डी ७८. दीड वर्षात सी भरला. लॅपटॉप बैलगाडीसारखा चालायला लागला आणि एक दिवस अपडेटमध्ये अडकला तो अडकलाच. दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, "सी पुसतो, डी ला हात लावत नाही, चालेल ना?" बाया म्हणाल्या, "चालेल, आमचं सगळं डी मध्ये आहे." डी मध्ये होती लग्नाची गाणी. गटाचा हिशेब होता डेस्कटॉपवर, म्हणजे लॅपटॉप उघडल्यावर समोर दिसतं त्या पडद्यावर. आणि डेस्कटॉप हा सी चाच भाग आहे. चौदा महिन्यांचा हिशेब गेला.

मग काय, प्रत्येकीचं सदस्य पासबुक, बँकेचं पासबुक, कुणी कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं, सगळं गोळा करून चार बैठका बसल्या. हिशेब बराचसा जुळला. एका हप्त्याचं जुळलं नाही. एक म्हणते मी दिला, दुसरी म्हणते माझ्या हातात आला नाही. दोघी खऱ्या बोलणाऱ्या, दहा वर्षं एकमेकींच्या शेतात निंदायला जाणाऱ्या. बोलणं बंद झालं ते झालंच. तिकडे बँकेच्या कर्जाचा प्रस्ताव वह्या पूर्ण नाहीत म्हणून थांबला, तो वेगळाच. राज्यात २०११ साली उमेद अभियान सुरू झाल्यापासून पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पाचवं सूत्र कागदावर होतं तोवर त्याला वाळवीची आणि पावसाची भीती होती. लॅपटॉपवर आलं की भीती ही अशी.

म्हणून नीट ऐका. डेस्कटॉप सी मध्ये आहे. डॉक्युमेंट्स सी मध्ये आहे. डाउनलोड्स सी मध्ये आहे. मोबाईलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून उतरवलेलं बहुतेक सगळं आधी तिथेच येतं. डी नुसता तयार केल्यानं त्यातलं काहीही आपोआप डी मध्ये जात नाही. डी उघडायचा, आत "गट" नावाचं फोल्डर करायचं, आणि हिशेबाची फाईल सेव्ह करताना दर वेळी त्याच फोल्डरमध्ये करायची. समोर दिसायला हवं असेल तर त्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. शॉर्टकट म्हणजे गावाकडे बोट दाखवणारी पाटी. पाटी मोडली तरी गाव जागेवर राहतं. मात्र पाटीलाच गाव समजून ती पेनड्राइव्हमध्ये कॉपी करू नका, तिच्यात हिशेब नसतो. आणि टॅलीसारखा प्रोग्राम वापरत असाल तर तो आपली माहिती स्वतःच्या ठरलेल्या जागी, सी मध्ये ठेवतो. ती जागा बदलता येते, बसवतानाच बदलून घ्या.

आता प्रत्यक्ष करायचं कसं? नवा लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा एकच सी मिळतो. काम घरीही होतं. आधी असलेलं सगळं पेनड्राइव्हवर घ्या आणि मग पेनड्राइव्ह काढून ठेवा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, "डिस्क मॅनेजमेंट" निवडा. डिस्कची पट्टी दिसेल. सी च्या तुकड्यावर उजवी क्लिक, "श्रिंक व्हॉल्यूम". म्हणजे सी आकसून घे. तिथे जागा एमबीमध्ये विचारतात, जीबीमध्ये नाही. इथेच गडबड होते, बाया ३८ लिहितात आणि ३८ एमबीचा चिमुकला तुकडा तयार होतो. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. ३८ गुणिले १०२४ म्हणजे ३८९१२. हा आकडा लिहा. काळ्या पट्टीची मोकळी जागा दिसेल, तिच्यावर उजवी क्लिक, "न्यू सिम्पल व्हॉल्यूम", आणि मग नेक्स्ट, नेक्स्ट. मध्ये नाव विचारतात तिथे "गट हिशेब" लिहा, तसंच सोडू नका. लॅपटॉपला सीडीचा कप्पा असेल तर डी हे अक्षर त्यानं घेतलेलं असतं, मग तुमच्या तुकड्याला ई मिळेल. अक्षराचं काही नाही, नाव महत्त्वाचं. कधी विंडोज तुम्हाला ३८ जीबी कापूच देत नाही, २० च देतो. सी च्या मधोमध काही फाईली ठाण मांडून बसलेल्या असतात, त्या हलत नाहीत. मग २० घ्या. हिशेबाला २० पण पुष्कळ आहेत. जास्त मिळवण्यासाठी इंटरनेटवरून कुठलंही फुकटचं सॉफ्टवेअर उतरवू नका.

विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला आतून कुलूप असतं. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडे. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं चालू केला त्या खात्यात ते मिळतात. दुरुस्तीच्या आधी ते वहीत उतरवून घ्या, नाहीतर डी शाबूत असूनही उघडणार नाही. आणि ते खातं कुणाच्या मोबाईल नंबरवर आहे ते लिहून ठेवा. मुलगा पुण्याला कामाला गेला, नंबर त्याचा, असं नको.

आता तो राहिलेला धोका. दुकानदार विंडोज नव्यानं घालतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं नसतात. पार्टिशन १, २, ३ असे क्रमांक असतात, नाव दिलेलं असेल तर नाव, आणि आकार. दोन तुकडे ५९-५९ चे आणि बिननावाचे असतील तर कुठला पुसायचा हे त्यानं कशावरून ओळखायचं? घाईच्या वेळी अंदाजानंच चालतं. ८० आणि ३८ असतील, लहानावर "गट हिशेब" लिहिलेलं असेल, तर चूक व्हायला जागा कमी. माझं तर म्हणणं, लॅपटॉपच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहाच: "गट हिशेब पुसू नये." दुकानातल्या पोराला हसू आलं तर येऊ द्या.

बाकी आकारांचं चटकन सांगते. ६४ जीबीचा अगदी स्वस्त लॅपटॉप असेल तर त्याची वाटणी करूच नका. आत ५९ जीबी, त्यात विंडोजचाच जीव गुदमरतो. तिथे गटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर ठेवा आणि त्याची नक्कल दुसरीकडे. २५६ चा असेल तर सी १२०, उरलेलं डी. ५०० ची जुनी डिस्क असेल तर सी १५०, उरलेलं डी, फार विचार करायची गरज नाही.

जुन्या लॅपटॉपचा एक मुद्दा आहे. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. पुष्कळ जुन्या मशीनवर ११ चढत नाही. त्यांच्यावर लिनक्स चालतं, ते फुकट मिळतं. केरळच्या सरकारी शाळांतली लेकरं बरीच वर्षं त्याच्यावरच संगणक शिकतात, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. लिनक्समध्ये सी-डी नसतात. चालवणाऱ्या भागाला रूट म्हणतात आणि आपल्या सामानाच्या भागाला होम. उबुंटू नावाचं लिनक्स २५ जीबी मागतं, तुम्ही रूटला ४० द्या आणि उरलेलं होमला. विंडोज आणि लिनक्स दोन्ही १२८ मध्ये कोंबून देतो म्हणणारे भेटतील. एका खोलीत दोन चुली कशाला मांडायच्या?

आणि एक गोष्ट डी बद्दलच. डी वेगळा आहे तो फॉरमॅटपुरता. लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला, डिस्कच जळाली, तर सी बरोबर डी पण जातो. घराला आग लागली तर कणगी काय आणि मडकं काय. आपल्या आज्या थोडं बियाणं माहेरीसुद्धा ठेवायच्या. तेव्हा दोन पेनड्राइव्ह घ्या, एक अध्यक्षाकडे, एक सचिवाकडे. महिन्याची बैठक संपली, सह्या झाल्या, की "गट" फोल्डर दोन्हीवर उतरवायचं. फोल्डरला महिन्याचं नाव द्या, जुन्यावर नवं चढवू नका. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही. आणि सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. न उघडणारी नक्कल काय कामाची?

शेवटी, ज्यांचा सी आधीच ४० चा करून ठेवलाय त्यांच्यासाठी. "धिस पीसी" उघडल्यावर सी ची पट्टी लाल दिसत असेल तर जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली आहे. आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, तिथून टेम्पररी फाईली काढून बघा. त्या यादीत डाउनलोड्सही असतं. त्याच्यापुढे टिक करण्याआधी आत काय आहे ते बघा. एवढ्यानं भागलं नाही तर वाटणी मोडून पुन्हा करायची. डी मधलं सगळं पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी डिलीट करा, सी वर उजवी क्लिक करून "एक्स्टेंड व्हॉल्यूम", आकडा ४०९६०, म्हणजे ४० जीबी. सी ८० चा झाला. उरलेल्या जागेत नवा डी, नाव घालून. "एक्स्टेंड" हा शब्द फिकट दिसत असेल आणि दाबला जात नसेल तर सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये विंडोजचा लपवलेला तुकडा बसलेला आहे. त्याला तुम्ही हात लावू नका, ते काम जाणकाराला समोर बसवून करून घ्या. आणि हे सगळं दिवसा करा, चार्जर लावून, बॅटरी पूर्ण भरलेली असताना. मध्येच लाईट गेली तर काम अर्ध्यावर तुटायला नको.